फीडर क्रमांक चार

संध्याकाळी पावणेसातला सोलापूर ओढ घेतं.
अक्कलकोट रस्त्याचे माग, गल्लीगल्लीतले कूलर,
येमूलांच्या कारखान्यात टॉवेलची दुसरी पाळी,
सगळं एकदम.
माझ्या पॅनलवरचा काटा थरथरतो,
मी वहीत लिहिते: एकोणपन्नास पूर्णांक आठ.
आणि तिकडे, घाटाच्या बाजूला,
डोंगराच्या पोटात कुणीतरी दार उघडतं.
कोळशाला तापायला रात्र लागते,
पाण्याला चार मिनिटं.
काटा पन्नासवर येऊन टेकतो,
शेळी दावणीला टेकावी तसा.
हा क्षण मला आवडतो.
बाबांना हे मी कधी सांगितलेलं नाही.

बाबा, बयाजी सकपाळ,
नऊ वर्षांचे असताना इथं ट्रकमधून उतरले,
सोबत एक म्हैस, पाटा, नाचणीची कणगी.
पहिल्याच दिवशी रडले म्हणे,
कारण घरंगळायला जागाच नव्हती.
"पाण्याला हितं कळतच न्हाई कुठं जायचं,"
अजून म्हणतात,
आणि अंगणात तांब्या ओतून बघत बसतात.

कागदावर आम्ही वसाहत क्रमांक दोन.
शेजारच्या गावानं नाव ठेवलं धरणवाले,
जसं काही धरण आम्हीच ट्रकात घालून आणलं होतं.
काळ्या रानात नाचणी रुसली.
ज्वारी शिकण्यात आजोबांची सात वर्षं गेली.
आणि आमचंच पाणी तारेतून
आमच्याच डोक्यावरून गेलं, गुणगुणत,
अकरा वर्षं.
खाली कंदील.

हे खरं. पण हेही खरं, की
बल्ब आला त्या वर्षी आत्या मॅट्रिक झाली.
आणि सिव्हिलमध्ये, आठवड्यातून दोनदा,
आईचं रक्त नळीतून बाहेर जाई,
धुऊन परत आत येई, दोन वर्षं.
बाबा त्या मशीनच्या वायरीकडे बघत राहात.
बोलले काहीच नाहीत.
एकदा फक्त वायर भिंतीकडे सरकवली,
कुणाचा पाय अडकू नये म्हणून.

यंदा धरण तळाला गेलं.
वैशाखात भाच्यानं मोबाइल आणला:
चिखलातून खाचरांचे बांध वर आलेले, पायऱ्यांसारखे,
एक जातं, देवळाचा चौथरा.
बाबांनी चष्मा पुसला.
परत लाव, म्हणाले. परत लाव.
"ह्यो आमचा उंबर. न्हाई, बुंधाच राहिलाय.
हितनं खाली शेलारांचं खळं, त्ये अजून पाण्यात."
इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्याच रात्री वरून फोन:
तिकडचे संच बंद, भार उतरवा,
फीडर चार.
फीडर चारवर वसाहत आहे.
मी काय म्हणणार?
हँडल खाली ओढलं.
त्रेचाळीस अंशांचा दिवस भिंतीत तसाच होता.
पंख्याची पाती हळू होत होत थांबली असतील,
मला इथून दिसली.

त्यांच्या गावाला उजेड लागला
म्हणून आमच्या गावचा गेला.

सकाळी घरी आले तर बाबा बाजेवर,
बंडी घामानं भिजलेली.
"तूच बंद केलीस?"
"हो."
थोडा वेळ गेला.
"पाणी अजून किती खाली जाईल?"

त्यांना कोणतं उत्तर हवंय, कळेना.
मृग कोरडा गेला तर खळंही वर येईल.
पडला तर पंखा.
बघू, म्हणाले मी.

त्यांनी मोबाइल मागितला.
बॅटरी उतरली होती.