लेव्हल

टिंबर एरियात वेलजीभाईंनी तीन तुकडे मांडले काउंटरवर.
पहिला : लाकडाचा फोटो, त्यावर प्लास्टिकची साय.
दुसरा : वर सागवान, पापडाएवढं, खाली भलतंच कोणीतरी.
तिसरा नुसता सागवान.
त्याचा भाव सांगताना त्यांनी आवाज उतरवला,
आजारी माणसाबद्दल बोलावं तसा.

भूपाल म्हणाला, लाकूड? सांगलीत?
दुकानातली दोन गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली.
या गावात घर घेताना आधी विचारतात
पाणी कुठवर आलं होतं,
मग खोल्या किती.
तिसरा मजला आहे, मी म्हणाले.
म्हणूनच घेतला की, तो म्हणाला.

पैसे एकाच खोलीपुरते.
हॉलला घाला, चार लोक बघतील, असं नणंदेचं मत.
मी मागची खोली धरून बसले, दहा बाय अकरा,
जिथं कुणी चपला घालून येणार नाही.

खोकी आली, आणि दस्तगीर मिस्त्रीनं त्यांना हातच लावला नाही.
पडू द्या आठ दिवस, म्हणाला,
लाकडाला घराची हवा कळू दे.
म्हणजे आमच्याआधी तेच राहायला गेलं.
मी ऑफिस सुटल्यावर जाऊन खिडकी उघडायचे.
रिकाम्या घरात त्याचा वास, तेलकट, थोडा कातड्यासारखा.
एकदा विचारलंही, काय, करमतंय का?

नवव्या दिवशी आला. मिरजेचा माणूस.
गुडघ्यांवर फिरत फरशी बोटांनी वाजवत गेला,
पोकळ आवाज आला की खडूची फुली.
आमचे चुलते पोकळी करून विकतात, तारा लावून,
मी आपला बुजवत हिंडतोय,
म्हणाला आणि एकटाच हसला.

मग पिशवीतनं काढली पारदर्शक नळी,
आमच्याच नळाचं पाणी भरलं तिच्यात.
एक टोक पोराकडं, दाराशी. एक याच्याकडं, खिडकीशी.
मशीन हाय की लेसरचं, पण पाणी खोटं बोलत न्हाई.
दोन्हीकडं ते थरथरलं, थांबलं.
खूण. पुढचा कोपरा. खूण.
मग सुताला नीळ लावून फट्‌ फट्‌ मारत गेला.
चारही भिंतींवर सलग एक रेघ.

मी चहाचे कप घेऊन दारातच राहिले.

गावभागातल्या घरात अशीच होती,
निळी नाही, गाळाच्या रंगाची, पण इतकीच सरळ.
कपाटावरून, कॅलेंडरवरून, देवघराच्या दारावरून,
कुठंही न अडखळता.
तीनदा रंग दिला. तीनदा ती वर आली.
शेवटी भूपालनं तिच्याशेजारी पेन्सिलीनं तारीख घातली.
विसरायला की लक्षात ठेवायला, मी विचारलं नाही.

तो आत गेला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
रेघ त्याच्या छातीशी, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी.
तिकडं डोक्यावरून हातभर होती.
बोलला काही नाही. बटण चाचपलं.
दस्तगीरला वाटलं साहेब उंची मोजतायत.
नुसती मापाची हाय ओ, म्हणाला, रंगात जाईल.

फळ्या कुठल्या अंगानं टाकू?
उजेडाकडं तोंड करून टाकतात, सांधे लपतात.
उजेड म्हणजे खिडकी, खिडकी म्हणजे पश्चिम,
आणि पश्चिमेला सरळ चालत गेलं तर नदी.
टाका, मी म्हणाले.

भिंतीपाशी चहूकडून बोटभर फट सोडली त्यानं.
पावसाळ्यात फुगतं लाकूड, त्याला सरकायला जागा नको?
वर पट्टी येईल. दिसायची नाही.

आता भूपाल येईल त्याला सांगतो, उगीच खर्च.
आणि रात्री अनवाणी जातो त्या खोलीत,
टाचा दाबत, खिडकीपर्यंत, परत.

रंगाऱ्याचा फोन दोनदा येऊन गेला.
पुढच्या आठवड्यात बघू, असं तोच सांगतो.