चुलबंद

बालकदासचा फोन आला, भर जेवणात:
बाबा, जहाजाचं नाव चुलबंद.
आपलीच नदी. पांढऱ्या अंगावर, निळ्या अक्षरांत.

मला हसताना ठसका लागला.
माघात गुडघ्याएवढी ती,
चैतात तिच्यात आम्ही डांगरवाडी लावतो.
डोंगा उलथा पडलेला, त्याच्याखाली कुत्री वितात.

तो सांगतच गेला.
शंभर मीटर लांब, म्हणजे
लाखांदूरची अख्खी बाजारओळ बसेल.
पाठीवर हेलिकॉप्टर उतरतं.
अमावास्येला दोन कोसांवर
बुडतं डोकं दिसतं त्याला.
तेल सांडलं तर समुद्र पुसून काढतं.

आणि तोफ?

आहे ना. पण जास्त दिवस
दोर फेकण्यातच जातात.

म्हातारे सांगत, पुरात घरोघरच्या
चुली विझायच्या, म्हणून हे नाव.
खरं-खोटं तिला ठाऊक.
मी विचारलं, तू काय करतोस तिथं?

भटारखाना. ऐंशी माणसं.
कितीही खवळला तरी
चूल बंद ठेवता येत नाही, बाबा.

मग रेंज गेली.
भात गार झाला होता, तसाच खाल्ला.

सकाळी वेलांना पाणी हवं म्हणून
रेतीत झिरा उकरला.
वीतभर खाली
ती होतीच.