वीजबिलाच्या पाठीमागे

वीजबिलाच्या पाठीमागे चार रकाने आखले:
जागा, वेळ, पैसे,
चौथ्याला नाव सुचेना.

कुर्टीची अंगणवाडी. साडेनऊ ते साडेबारा. फुकट.
शेवंतीबाय केतकीला वजनाच्या झोळीत बसवते,
काटा थांबेपर्यंत स्वतःचाच श्वास धरून.
मग तक्त्यावर ठिपका, हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठाला.
"पेज घालता, की बिस्किटांवरच?"
पेज, मी म्हटलं.
खोटं बोलले.

फोंड्यातलं क्रेश, बँकेच्या वर, दुसरा मजला.
भिंतीवर जिराफ, हसणारा.
सहापर्यंत साडेपाच हजार,
पुढे दर अर्ध्या तासाला सत्तर.
मोबाइलवर कॅमेरा दिसतो म्हणाली मॅडम.
कुणाचं तरी मूल दाराशी उभं होतं, चपला घालून,
चार वाजता.

सिस्टरांच्या नर्सरीत तीन वर्षं पुरी हवीत
आणि डायपर सुटलेला.
सिस्टरनं लाल पुठ्ठा पुढं धरून रंग विचारला.
केतकीनं तो चाटून पाहिला.

कुंडईला आमच्या कंपनीतही आहे,
कायद्यात आहे म्हणून एक खोली.
पाळणे दोन. एकात फायली.

आणि एस्पेरांस.
पाटी नाही, पावती नाही,
बालकांवात बसून मटार सोलते,
पायाशी कुत्रा, कुत्र्याच्या पोटाला टेकून तीन पोरं.
पैसे बिस्किटांच्या डब्यात टाकते, न मोजता.
एकच नियम:
"उशीर जातलो जाल्यार फोन कर गो,
पोर गेटीकडे पळयत रावता."

हे सगळं दिगंबरला वाचून दाखवलं.
तो फेरीबोटीवरून रात्रपाळी करून आलेला,
रकान्यांवर मान टाकून झोपला.

शेवटी ठिगळं जोडली:
सकाळ शेवंतीबायची, खिचडीपर्यंत,
पुढं एस्पेरांस,
आणि बुधवारी ओव्हरटाइम, तेव्हा फायलींशेजारचा पाळणा.

महिना झाला असेल.
रात्री केतकी झोपेना. मी थोपटत होते, माझ्या पद्धतीनं,
पॅकिंगला गोळ्यांच्या पट्ट्या मोजते तसं, दहा, दहा, दहा.
तिनं माझा हात उचलला,
पाठीवर नीट ठेवला, आणि शिकवलं:
दोन हळू. एक भरभर. मग थांब.
"कुणी गो?"
"पेआंस," म्हणाली, आणि गेली झोपेत.
मी कितीतरी वेळ थांबायची जागा चुकवत राहिले.

बिलाची मुदत सतराला संपलेली.
एकोणीसला गेले भरायला, दंडासकट.
खिडकीतल्या बाईनं शिक्का मारता मारता बिल उलटलं,
वाचलं. पाठीमागे रांग.
आवाज खाली करून म्हणाली,
"माझा दीड वर्षाचा आहे.
ह्या एस्पेरांसकडे जागा असेल?"

नाही, म्हटलं.
भरलंय.