चुलीवरचा भात

कलकत्त्यात, तोपसियाच्या कालव्याकाठी,
दिवसभराच्या चपलांच्या पट्ट्या कापून झाल्यावर
मोमेनाबीबीच्या चादरीवर आम्ही सिनेमा लावला.
चादरीला निळी फुलं. म्हणून नायक रडला
तेव्हा त्याच्या गालावर एक फूल होतं,
आणि उंदीर पळाला तो बागेतून पळाला.

"उंदीर कसला धुतलेला! घूस तरी आणायची,"
हासिबुर म्हणाला. "आणि नळाची धार बघा!"
लोक नको तिथे हसले,
नेमकं व्हायोलिन वाजत होतं तिथे.

मग तो पोरगा चुलीवर भात टाकून
शर्यतीला धावत सुटला.
गल्ली, रूळ, पूल,
सगळं जग त्याच्या बाजूने.
मोमेनाबीबी तेवढी पुटपुटत राहिली,
अरे, भात. भात करपेल.

तो जिंकला. आख्खी गल्ली ओरडली,
कुणीतरी तेलाचा डबा बडवला,
मीसुद्धा, अकराव्यांदा बघत असून, डोळे पुसले.
ती चादरीच्या कोपऱ्यात बघत होती
जिथे मघाशी चूल होती.

यंत्र बंद करून चादर सोडायला गेलो, तर म्हणाली,
"तुम्ही तर पुष्कळदा पाहिलाय.
कुणी उतरवतं का हो तो भात?"

मी खोटं बोललो. म्हटलं, शेजारीण.

"तेच म्हणते," तिने चादर झटकली,
"शेजारीण असणारच."
आणि कोपऱ्याला कोपरा जुळवत
विचारलं, जेवलात का.