खिडकी नंबर चार

बातुमीच्या बंदरामागे, मॅग्नोलियाच्या झाडांत,
पिवळी इमारत आहे. परवाना कचेरी.
तिचं आता हॉटेल होतंय, आणि दारं माझ्याकडे.
अठ्ठावीस दारं. एकही
आत घेण्यासाठी केलेलं नव्हतं.

मी मुर्मान, सुतार.
चार नंबरच्या खिडकीची जाळी मीच उतरवली.
सहा स्क्रू मुकाट्यानं निघाले,
सातवा अडून बसला, आतल्या कारकुनासारखा.

जाळीपुढच्या फरशीत बशीएवढा खळगा आहे.
पाण्यानं पडलेला नाही.
तिथं माणसं उभी राहत,
या पायावरून त्या पायावर.
त्यातला चिमूटभर दगड माझ्या आईनं झिजवलाय.

तिची बहीण फादिमे होपाला असायची,
तासाभराच्या वाटेवर. मध्ये तार.
आई दर महिन्याला अर्ज घेऊन यायची,
आतून आवाज यायचा, "पुढच्या महिन्यात या."
एकोणीस वर्षं.
घरी येऊन बूट काढता काढता ती म्हणायची,
इतक्यांदा 'या' तर जावयालाही कुणी म्हणत नाही.

सरहद्द उघडली, तेव्हा जाऊन
ती कबरीवरचं गवत उपटून आली.
तिथं कुणी अर्ज मागितला नाही.

तिबिलिसीहून आलेल्या आर्किटेक्ट बाई म्हणाल्या,
खळगा भरून टाका, पाहुणे ठेचकाळतील.
मी हो म्हटलं.
सिमेंट भिजवलं नाही. गालिचा आणून अंथरला.

उद्घाटनाआधी कामगारांच्या घरच्यांना
एक रात्र फुकट.
आई आली, सणासुदीचा कोट घालून,
बाहेर ऊन असताना.
काउंटर नेमका चार नंबरच्या जागी.
पलीकडे एलिसो, विशीची, नखांना निळा रंग.
म्हणाली, "आजी, पासपोर्ट?"

आईचा डावा पाय
गालिच्याखाली बरोबर खळग्यात गेला.
पर्समधून तिनं सगळं काढलं:
जन्माचा दाखला, लग्नाचा,
चार फोटो, प्रत्येकात वेगळ्या वयाची,
दोरीनं बांधलेल्या अर्जांच्या नकला,
आणि पिशवीतून अंजिरांचा डबा,
हळूच, काउंटरच्या कडेला सरकवलेला.

एलिसोनं माझ्याकडे पाहिलं.
मी दाराच्या बिजागरीत तेल घालत होतो.
"नाव सांगितलंत तरी चालेल, आजी."

"गुलनाझी," आई म्हणाली. मग आडनाव.
मग बापाचं नाव, गाव,
आणि कुणी विचारलं नव्हतं तरी
"कारण: बहिणीला भेटणे."

एलिसोनं किल्ली पुढे केली.
आई शिक्क्याची वाट बघत उभी.

रात्री झोपली की नाही, ठाऊक नाही.
सकाळी खोलीत गेलो तर पलंग आवरलेला,
चादरीला घडी नाही,
टॉवेल कोरडा. जणू कुणी उतरलंच नव्हतं.
डबा मात्र काउंटरवर, रिकामा, धुऊन ठेवलेला,
आणि एलिसोच्या बोटांना अंजिरांचा चिकटपणा.

"पुन्हा या हं आजी."
आई थबकली.
"कधी?"
"कधीही."

तिला हे पटलं नाही, दिसत होतं.
तारखेशिवायचं 'या' तिनं
आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.
तरी कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत,
आणि म्हणाली, "येते."