पाण्यात पाहणे

चुंबकाचा पट्टा, बाराशेला एक.
ठिबकच्या नळीला बांधायचा
आणि द्राक्षाची गोडी दोन ब्रिक्सने वाढते,
असं निनाद खैरनार म्हणाला
अंबडच्या नाक्यावर, कटिंग संपायच्या आत.

मी गेज तपासणारी बाई.
एकोणीस वर्षं सातपूरच्या प्रयोगशाळेत
लोकांच्या मायक्रोमीटरचं खोटं पकडते
आणि त्याखाली सही करते.
मी विचारलं, किती वेली? कुठल्या ओळी?
पट्टा न बांधलेल्यांचं काय?
तो म्हणाला, मॅडम, शेतकरी खूश आहेत.
मी म्हटलं, खूश हे एकक नाही.

हशा झाला. तो मला आवडला.
चूक बहुतेक तिथेच सुरू झाली.

मग दर शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर.
व्हॉल्व्हवाले कुलथे, टूलरूमचा पगारे,
आणि क्रेटचा हिशोब करायला पिंपळगावहून येणारे
विश्राम बोरस्ते, जे काही बोलत नसत
आणि ज्यांच्या सहा एकरांवरून हे सगळं चाललं होतं.

निनाद आलेख आणायचा.
उभी रेघ सोळापासून सुरू,
त्यामुळे मुंगीचाही पांडवलेणीचा डोंगर.
शून्यापासून काढ, मी म्हणायचे.
शून्याला द्राक्ष कुठे असतं, तो म्हणायचा.
बरोबर होतं त्याचं.
मी ते कबूल केलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी जीभ घसरली.
तू विकाऊ.
तुम्ही आयुष्यात एक खिळा विकलाय का?
पगारेने ग्लास गोळा करायला घेतले.
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहू लागलो.

माघात बोरस्त्यांनीच बागेत बोलावलं.
दहा ओळींना चुंबकाचे पट्टे,
दहांना तसेच दिसणारे, आत नुसतं लोखंड.
कुठले कुठे, ते फक्त त्यांच्या सुनेला, हेमलताला, ठाऊक.
दाणा चिरडायचा, काचेवर थेंब,
वर झाकण, उजेडाकडे डोळा,
निळं संपून पांढरं सुरू होतं ती रेघ वाचायची.
दोनशे दाणे. बोटं चिकट, मधमाश्या मागे.
हेमलता चौकोनी वहीत लिहीत होती.
फरक निघाला शून्य पूर्णांक एक.

वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं,
महिनाभर घोळवलेलं.
तेवढ्यात निनाद म्हणाला, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता,
ताई, तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं?

हायवेवरच्या बॅटरीवाल्याकडून
डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली.
एक थेंब ठेवला.
पाण्यात पाहिलं.
शून्य दिसायला हवं होतं.
शून्य पूर्णांक आठ.

फरकाला त्याने फरक पडत नाही,
दोन्हीकडे तेवढीच भर.
पट्टा निकामीच होता, आणि हे मी मोठ्याने सांगितलं,
दोनदा.
कुणी हरकत घेतली नाही.
निनादने पिशवी आवरायला घेतली.

पण मागच्या हंगामात,
याच काचेतून, याच डोळ्याने बघून
मीच बोरस्त्यांना म्हटलं होतं,
गोडी भरली, उतरवा.

तरीच, बोरस्ते म्हणाले.
दोन महिन्यांत त्यांचा तो पहिला शब्द.
आंबट म्हणून एक गाडी परत आली होती.
त्यांनी तेव्हा पावसाला दोष दिला,
मग खताला,
मग हेमलताच्या हाताला.

मी छोटा स्क्रू फिरवला.
रेघ हळूहळू खाली आली, शून्यावर बसली,
जणू काही झालंच नव्हतं.

हेमलताने वही पुढे केली.
सकाळचे आकडे खोडू?

राहू दे, म्हटलं.
शेजारी कारण लिही.
कारणात माझं नाव लिही.

ती थांबली. मग विचारलं,
मागच्या वर्षीच्या वहीतही?