अठरा-एकोणीसचा पाना

हा पाना नेमका कुणाचा, ते आता कुणालाच सांगता येत नाही.
दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं 'मुं. गं.' दिसतं.
म्हणजे मुंजाजी गंगारामचा असावा,
पण मुंजाजी म्हणतो, माझा येवढा गुळगुळीत नव्हता.

रात्री दोनला लाईट आली
आणि मोटर नुसती घुंऽ करून गप झाली.
तीनदा बटन दाबलं.
चौथ्यांदा दाबू नये, येवढं मला कळतं.

उजाडलं तसे सल्ले आले.
शेषेराव बांधावरूनच म्हणाले, कॉइल गेली, नवी भरून घे.
त्यांना दरसाल सगळ्यांची कॉइल गेलेली दिसते,
जिंतूरला जावयाचं दुकान आहे.
सोजरबाई म्हणाली, पेटीत पाल मेली असंल, बघ.
पाल होती. वाळून कागद झालेली.
ती काढली, तरी घुंऽच.
मुंजाजी म्हणाला, उपसायचीच असंल
तर क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घाल, लोखंडाला लोखंड धरत नसतंय.
मी म्हटलं, बरं. आणि घातला नाही.

खाजाभाई काही बोलले नाहीत.
पेटी उघडून वास घेतला,
आधी पेटीचा, मग वायरीचा, मग स्वतःच्या बोटांचा.
"जली नै, ताई. जली तो बास मारती.
पानी पी को बैठी."

मग घोडी उभी केली, कप्पी आणली,
आणि अकरा पाईप, वीस-वीस फुटांचे,
जमिनीच्या पोटातून एकेक वर.
पाना दे. आवळ. सोड. वढ.
पाना दे.
लाल गाळ कोपरापर्यंत,
चहाचं पातेलं तुराट्यांवर तसंच उकळत.

सातव्या पाईपाला क्लॅम्प बोटभर सरकला.

त्या बोटभरात सगळ्यांचे सल्ले बंद पडले.
खाली चार पाईप, मोटर,
आणि माझी दोन वर्षांची हळद लोंबकळत होती.
मुंजाजीनं खिशातून ट्यूबचा तुकडा काढला.
घरून निघतानाच कापून आणलेला.
फटीत सारला, पाना फिरवला,
माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही.

नवव्या पाईपापाशी दोष सापडला.
वायरीचा जोड, टेप सुटलेली, आत पाणी.
"किसने बांध्या ये?"
सगळे बोअरच्या तोंडात बघू लागले,
जणू तिथून कुणी उत्तर देणार होतं.

मीच बांधला होता, मागच्या मार्गशीर्षात.
टेपचा रोल संपत आला होता, एकाच पदरात भागवलं,
नव्या रोलाचे वीस रुपये वाचवले.
सांगायला तोंड उघडलं,
तोवर शेषेराव बोलले,
"टेपच बोगस येती आजकाल. आमच्या जावयाकडं सुद्धा."

त्या दिवसापासून मी त्यांच्या जावयाबद्दल
काही बोलत नाही.

दुपारी जोड नवा केला.
तीन पदर टेप, वर ट्यूबची पट्टी, त्यावर पुन्हा टेप,
आणि वायर पाईपाला हातभर अंतरावर बांधत खाली.
खोलीच्या भिंतीवर कोळशानं तसं लिहून ठेवलं.
कुणासाठी, माहीत नाही. माझ्यासाठीच असेल.
पाणी आलं तेव्हा आधी गढूळ, मग तांबूस,
मग खाजाभाईंनी ओंजळ लावली आणि चूळ भरली.
पैसे घेतले नाहीत, दोन वाफ्यांतली ओली हळद
"सीजन में देना" म्हणाले.

पाना त्या गडबडीत कुणीतरी नेला.
लिंबाजीच्या पोरानं म्हणे, मळणीयंत्राच्या पट्ट्यासाठी.
कुणाचं तरी काही अडलं की सापडेल.

पाल मात्र पेटीवरच आहे अजून.
सोजरबाई येता-जाता थांबते,
तिच्याकडं बोट दाखवते,
आणि वाहत्या पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारते,
"म्हनलं नव्हतं का मी?"